नऊ नंबरच्या ब्रॅकेटसाठी जालन्याला

आमच्या संस्थेत दौऱ्याचा अर्ज भरताना ठिकाणाच्या रकान्यात मी "जालना जिल्हा" असं लिहिलं, तेव्हा काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. कणभौतिकीवाल्यांचे अर्ज त्यांच्याकडे येतात ते जिनिव्हाचे, हॅम्बर्गचे. "तिकडे काय आहे तुमचं?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "एका माणसाला एक प्रश्न विचारायचाय." "मग फोन करा की." फोन मी तीनदा केला होता. तिन्ही वेळा पलीकडचा माणूस माझं नाव ऐकेपर्यंत नीट बोलला आणि मग "आवाज येईना" म्हणून त्याने फोन ठेवला. हे बाईंना कुठे सांगत बसायचं? परत आल्यावर मात्र त्यांनीच आधी विचारलं, काय झालं तिकडे. त्यांना तोंडी सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी माझ्या कामाबद्दल. प्रोटॉनवर प्रोटॉन आपटवायचे आणि त्यातून काय उडतं ते टिपायला भोवती चारमजली इमारतीएवढं यंत्र उभं करायचं, हा प्रकार आता शाळकरी मुलांनाही ठाऊक असतो. पण उडालेला कण टिपला जाण्याआधी त्याला यंत्राच्याच नळ्या, तारा, आधार आणि बोल्ट यांतून वाट काढावी लागते. तिथे तो थोडा अडतो, थोडा वळतो, कधी फुटतो. वाटेत नेमकं किती आणि कसलं सामान आहे हे माहीत नसेल, तर पुढची सगळी मापं थोडी थोडी खोटी येतात. त्या सामानाचा नकाशा करणं हे माझं काम. नवा कण शोधणाऱ्याचं नाव होतं, आम्ही आपले घरातल्या खिळ्यांची यादी करतो. मला ते आवडतं.

यंत्र बंद असतं, उघडून बघता येत नाही. मग नकाशा कसा करायचा? प्रकाशाचा कण म्हणजे फोटॉन धातूत शिरला की कधीकधी तिथेच त्याची इलेक्ट्रॉन आणि पॉझिट्रॉन अशी जोडी होते. त्या जोडीच्या वाटा मागे मागे नेल्या की जिथे मिळतात तिथे धातू असणार, म्हणून तिथे एक ठिपका द्यायचा. काही जड कण धातूच्या अणूंवर आपटून फुटतात, त्यांचेही ठिपके पडतात आणि ते जागा जास्त अचूक सांगतात. पुरेसे ठिपके पडले की पडद्यावर नळी दिसू लागते, तिचे आधार दिसतात, बोल्टसुद्धा दिसतात.

जिनिव्हाच्या यंत्रात अशी एक थंडाव्याची नळी चौदा छोट्या ब्रॅकेटांवर टेकलेली आहे. ती ब्रॅकेटं बऱ्याच वर्षांपूर्वी आमच्या मुंबईच्या वर्कशॉपमध्ये झाली. माझ्या नकाशात तेरा ब्रॅकेटं ड्रॉइंगबरहुकूम आली. नऊ नंबरचं जास्त गडद आलं. तिथे ड्रॉइंगमध्ये नसलेलं काहीतरी होतं. ठिपक्यांवरून एवढंच कळत होतं की ते साधारण चार दशांश मिलिमीटर तांबं असेल, नाहीतर अडीच मिलिमीटर ॲल्युमिनियम, कारण फोटॉनला ही दोन्ही जवळपास सारखीच वाटतात. दोन्हींत फरक करायला जड कणांचे जेवढे ठिपके हवेत तेवढे त्या इवल्याशा जागेत पडलेले नव्हते. गटप्रमुखांनी अहवालाच्या कच्च्या खर्ड्यात एक ओळ घातली, "नऊ नंबर: निर्मितीतील दोष", आणि शेजारी ब्रॅकेटाच्या तपासणीपत्राची प्रत जोडली. खाली सही होती नामदेव खरात यांची. महिनाअखेर अहवाल पक्का व्हायचा होता.

खरातमामांना मी ओळखत होते. मी नवीन असताना ओल्या हाताने मायक्रोमीटर उचलला म्हणून त्यांनी मला चार लोकांत झापलं होतं आणि मग स्वतः ते वापरायला शिकवलं होतं. असा माणूस दोष ठेवून ब्रॅकेटांची पेटी बंद करील हे मला पटत नव्हतं. आणि पटत नाही एवढ्यावर अहवाल बदलत नाही, म्हणून मी निघाले.

अंकुशनगर, मंगळवार

जालन्याहून अंबड आणि अंबडहून अंकुशनगरच्या साखर कारखान्याच्या रस्त्याची एसटी. अंबडच्या स्टँडवर निम्मे लोक कोर्टाच्या तारखेला आलेले, हातात प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून कागद. पुढच्या गाडीत कंडक्टरने माझी बॅग पाहून विचारलं, "साखर कारखान्याचं इन्स्पेक्शन हाय का?" मी नाही म्हटलं तरी शेवटपर्यंत त्याने मला बसू दिलं ते सगळ्यात चांगल्या सीटवर.

फेब्रुवारी होता, गळीत जोरात चाललं होतं. कारखान्याच्या अलीकडे उसाची एक ट्रॉली कलंडून रस्ता अडला होता. आमच्या साताऱ्यातही ऊस आहे आणि ट्रॉल्याही कलंडतात, पण आमच्याकडे आधी भांडण होतं. इथे एसटीतले लोक खाली उतरले, एकेक कांडं मोडून घेतलं, एक ट्रॉलीच्या ड्रायव्हरलाही दिलं आणि मग भांडायला उभे राहिले. मीही कांडं सोलायचा प्रयत्न केला. ओठ कापून घेतला आणि उरलेलं अंतर चालत गेले.

खरातमामा फिटरचं काम याच कारखान्यात शिकले, मग त्यांनी तीस वर्षं मुंबईत काढली आणि निवृत्त झाल्यावर कारखान्यापासून थोड्या अंतरावर घर बांधलं. दार त्यांच्या पत्नीने, शांताबाईंनी उघडलं. मी जय भीम म्हणून नाव सांगितलं तेव्हा त्यांनी मला नीट न्याहाळलं.

"तुमीच फोन करून राह्यल्या होत्या का?"

"हो. मामा आहेत?"

"हे न्हाईत घरी. राजूरला गेलेत. तिथं देवळाजवळ एक रसवंती हाय, तिचं मशीन बंद पडलंय. परवा चतुर्थी, त्याच्या आत चालू झालं पायजे. तुमी बसा. मुंबईहून आल्या अन् बिनजेवणाच्या जाता व्हय?"

ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगदाण्याचा ठेचा वाढला. येसर म्हणजे भाजून दळून ठेवलेला मसाल्याचा पीठवजा प्रकार. तो पाण्यात उकळला की आमटी तयार. आम्ही सातारकर तिखटाच्या फार गप्पा मारतो. दुसऱ्या घासाला माझ्या कापलेल्या ओठाने हार मानली आणि शांताबाईंनी गुळाचा खडा पुढे केला.

जेवण झाल्यावर त्यांनी सरळ विचारलं, "काम काय हाय?" मी लॅपटॉप उघडून ठिपक्यांचा नकाशा दाखवला आणि ठिपके कसे पडतात ते सांगितलं. इतकी वर्षं विद्यार्थ्यांना मी हे समजावते आहे, पण एवढ्या लवकर कुणाला कळलेलं आठवत नाही.

"म्हंजी नांगर खट वाजला की कळतं तिथं दगड हाय."

"अगदी तसंच."

"अन् लई वर्सं नांगरलं की कुठंकुठं दगड हाय ते पाठ व्हतं." त्या जरा पुढे वाकल्या. "हे ह्यांच्या हातचं हाय? ह्यांनी स्वतः कधी पाह्यलं न्हाई ते तिकडं बसवल्यावर. साहेब लोक गेल्ते बसवायला."

मग त्यांनी मला सांगितलं, यंदा सव्वीस जानेवारीला गावच्या शाळेत झेंडा मामांच्या हातून फडकवला. हेडमास्तरांनी भाषणात सांगितलं की आपल्या गावच्या माणसाच्या हातचं काम परदेशात जमिनीखालच्या यंत्रात बसलंय. शाळेच्या भिंतीवर मामांचा फोटो लावलाय. मग त्यांनी लॅपटॉपकडे पाहिलं.

"ह्यांच्या हातचं काही बिघडलं का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "अजून माहीत नाही," मी म्हटलं.

"मंग नीट पाहून सांगा. जल्दी करू नका. फोटो लावायला एक दिवस लागला, काढायला तेवढाबी लागणार न्हाई."

त्या रात्री त्यांनी मला घरीच ठेवून घेतलं. मला मेल्याहून मेल्यासारखं वाटत होतं, कारण माझ्या बॅगेत ती "दोष" लिहिलेली ओळ होती आणि मी त्यांच्या घरची गोधडी पांघरून झोपले होते.

राजूर, बुधवार

राजूर जालन्याच्या पलीकडे, भोकरदन तालुक्यात. म्हणजे आदल्या दिवशी आले तो सगळा रस्ता उलटा आणि वर थोडा आणखी. गणपतीमुळे गाव नेहमी गजबजलेलं. नारळ, पेढे, खेळणी आणि त्यामध्येच खतं-बियाण्यांची दुकानं. देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर रसवंती सापडली. मालक बबनराव बाहेर स्टुलावर चिंताक्रांत बसले होते. आत वर्तमानपत्र पसरून त्यावर मशीनचे भाग ओळीने मांडलेले, प्रत्येक बोल्ट ज्या भोकातला त्या क्रमाने. त्या मांडणीवरून माणूस ओळखू आला. खरातमामा वाळले होते आणि चष्म्याला दोरा आला होता, एवढाच फरक.

"आल्या का मॅडम," ते न उठता म्हणाले. "शांतानं फोन केल्ता. बबनराव, चहा सांगा."

चहा आला. मामांनी वर्कशॉपातल्या प्रत्येकाची चौकशी केली, कोण निवृत्त झालं, लेथ मशीन कुठलं आलं. मी उत्तरं देत गेले. शेवटी लॅपटॉप उघडला. चौदा ब्रॅकेटं पडद्यावर आली तेव्हा त्यांनी फडक्याला हात पुसले आणि चष्मा सरकवला. बोटाने पडद्याला न शिवता एकेक बोल्ट मोजत गेले. नऊवर आले, थांबले आणि पुढे दहावर गेले.

"मामा, नऊमध्ये काय आहे?"

"ब्रॅकेट हाय."

"आणखी काहीतरी आहे. ड्रॉइंगमध्ये नसलेलं."

"न्हाई. ड्रॉइंगपरमाणं केलं. बिलकुल ड्रॉइंगपरमाणं. कागदावर माझी सही हाय ना? मंग झालं."

मी त्यांना अहवालातली ओळ वाचून दाखवली. लपवून ठेवणं बरं दिसलं नसतं. काय आहे ते कळलं नाही तर ती तशीच जाईल हेही सांगितलं.

"मंग लिवा दोष," ते म्हणाले आणि वर्तमानपत्रावरचा पुढचा बोल्ट उचलला. बबनराव आमच्याकडे आळीपाळीने बघत होते, त्यांना मशीनचीच काळजी.

मला राग आला. खोटं बोलल्याचा तर आलाच, पण त्याहून जास्त ते माझ्याशी खोटं बोलताहेत याचा आला. संध्याकाळी भक्तनिवासात खोली घेतली आणि दुसरं काही सुचेना म्हणून देवळात जाऊन आले. बाहेर आले तर माझी डावी चप्पल कुणीतरी घालून गेलेलं आणि तिच्या जागी तशाच रंगाची एक उजवी ठेवलेली. दुकानं मिटत आली होती. दोन उजव्या चपला घालून मी खोलीवर आले.

राजूर, गुरुवार

सकाळी जालन्याची बस धरायची असं ठरवलं होतं. निदान निरोप घ्यावा म्हणून रसवंतीवर गेले. चतुर्थीची गर्दी वाढत होती. मामांनी मशीन जोडून ठेवलं होतं. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं.

"दोन्ही उजव्याच हायेत, मॅडम."

"माहीत आहे."

"अन् एक नऊ नंबरची, एक आठची." पहिल्यांदाच ते हसले. "थांबा जरा. हे चालू करू, मंग बबनरावाची गाडी बसस्टँडला सोडील."

बबनरावांनी बटण दाबलं. रोलर फिरले, घुंगरं वाजली, पण खालून बेअरिंगच्या घरातून बारीक खुळखुळ येत होती. गिऱ्हाइकाला ती ऐकूही गेली नसती. मामांनी हात वर केला, मशीन बंद. स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला लावून हाताने रोलर फिरवून पाहिला. बेअरिंगचं घर उघडलं. शर्टाच्या खिशातून तंबाखूची जुनी चपटी डबी काढली. तिच्यात तंबाखू नव्हता, तांब्याच्या पातळ पत्र्याची गुंडाळी होती. कात्रीने बोटभर पट्टी कापली, मधोमध दुमडली, नखाने घडी दाबली, फटीत सरकवली, बोल्ट आवळले. पुन्हा बटण. खुळखुळ गेली. एवढं सगळं व्हायला मिनिटही लागलं नाही, आणि ते करताना ते बबनरावांशी उसाच्या प्रतीबद्दल बोलत होते.

मी ती घडी पाहिली होती.

"मामा, तो पत्रा केवढ्या जाडीचा?"

"दोन दशांश. दोन पदर केले की..." आणि ते बोलायचे थांबले.

दोन पदर केले की चार दशांश. दोघांनाही ते एकाच वेळी कळलं. मशीन छान चालू होतं, बबनरावांनी रसाचे दोन पेले भरून आमच्यापुढे ठेवले. मामांनी पाना खाली ठेवला.

"चला तिकडं," ते म्हणाले. रसवंतीच्या मागे लिंबाखाली एक बाकडं होतं.

"माझे उस्ताद कारखान्यात सांगायचे, खुळखुळ ऐकून पुढं जाणारा फिटर न्हाई," त्यांनी सुरुवात केली. "पेटी भरायच्या आदल्या दिवशी मी एकेका ब्रॅकेटात नळीचा तुकडा घालून हलवून पाह्यलं. तेरा बराबर बसली. नऊ खुळखुळलं. लई न्हाई, कानालाच कळावं इतकं. इंजिनियरसाहेबाकडं गेलो. ते म्हणाले, ड्रॉइंगमधी पट्टी न्हाई, बदल करायचा तर जिनिव्हाला पत्र जातं, तीन आठवडे उत्तर येत न्हाई, पेटी परवा निघणार. मापात हाय ना? मापात तर होतं. मंग सोडा म्हणाले."

"आणि तुम्ही सोडलं नाही."

"हात ऐकंना. परत आलो अन् पट्टी घातली. आत्ता घातली तशीच. घालून झाल्यावर ध्यानात आलं की काय केलं. काढायची म्हणलं तर पुन्हा खुळखुळ. कागदावर 'ड्रॉइंगप्रमाणे' लिहून सही केली. त्या कागदाला शेऱ्याची जागाबी नव्हती."

"नंतर कधी सांगितलं का नाही?"

"मॅडम, आमच्यातल्या माणसाची चूक निघाली की ती त्या एकट्याची राहत न्हाई. मी तिथं लागलो तवा आमच्यातला मी एकटाच. माझ्यामागून दोघं आले, चांगले फिटर. माझं काही निघालं असतं तर त्यांच्याकडंबी तसंच पाह्यलं असतं लोकांनी. तुम्हाला न्हाई कळायचं ते."

मला खरंच पूर्ण कळत नव्हतं, आणि कळतं असं म्हणायला तोंड नव्हतं. माझ्या वाट्याला असं कधी आलंच नाही. मी मान डोलावली.

मग मामा एकदम कामाचे झाले. "तांबंच लिवा. हाच पत्रा. भंगारात जाणारा शेवटचा तुकडा निवृत्त व्हायच्या दिवशी स्टोअरवाल्याला इचारून आणला मी. अर्थिंगच्या कामाचा होता." पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला मायक्रोमीटर काढला आणि माझ्यापुढे धरला. "हात कोरडे हायेत ना?"

मी पुसले. घडी घातलेली पट्टी मोजली. चार दशांशाच्या केसभर आत. ठिपक्यांनी तांब्यासाठी सांगितलं होतं ते आणि हे एकमेकांशी जुळत होतं. मला इतका आनंद झाला की मी बाकड्यावरून उठून उभीच राहिले. आणि लगेच लाज वाटली, कारण मामा तसेच बसले होते.

"मंग आता काय लिवणार?"

"जे झालं ते. नऊ नंबरमध्ये तांब्याची पट्टी, एवढी जाड, घट्ट बसावी म्हणून घातलेली. ड्रॉइंगमध्ये नव्हती, नोंद केली नाही, हेही लिहावं लागेल."

"लिवा." मग त्यांनी विचारलं, "मंग ते हाललं का?"

"काय?"

"ब्रॅकेट. नळी. इतकी वर्सं गार-गरम होऊन राह्यलंय. ज्यासाठी पट्टी घातली ते तर सांगा. हाललं का न्हाई?"

नऊ नंबरमध्ये काय आहे यासाठी मी दोन दिवस जिल्हाभर फिरत होते. ते हललं का, हे बघायचं मला सुचलंच नव्हतं. उत्तर मात्र माझ्याकडेच होतं, ठिपक्यांत. फक्त वर्षावार वेगळे करायला हवे होते.

"उद्या सांगते," मी म्हटलं. मामा म्हणाले, ते रात्री घरी जाणार, पण उद्या त्यांना मशीनचं नवं बेअरिंग आणायला जालन्याला यायचंच आहे. बबनरावांच्या गाडीने मला स्टँडवर सोडलं, वाटेत चपलांच्या दुकानासमोर थांबून.

जालना, शुक्रवार

आदल्या संध्याकाळी लॉजवरून मी काम जिनिव्हाच्या संगणकांवर टाकलं आणि सकाळी उत्तर आलं होतं. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात मामा वेळेआधीच येऊन बसले होते. शांताबाईंनी मोसंबीची पिशवी पाठवली होती. टेबलावर दोन प्लेट सुशीला आली. भिजवलेल्या मुरमुऱ्यांना कांदा आणि दाण्याचं कूट घालून फोडणी दिलेली. आमच्याकडे मुरमुऱ्याची भेळ होते, हा प्रकार मला नवा होता. मामांनी खिशातून घडी केलेला कागद काढला. रात्री बसून स्वतःच्या अक्षरात सगळं लिहून आणलं होतं: पट्टी, पत्रा, जाडी, साहेब काय म्हणाले, स्वतः काय केलं. कुठेही गयावया नव्हती, स्वतःची तारीफही नव्हती. शेवटी सहीपुरती जागा कोरी ठेवली होती.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. दर वर्षाचा एक रंग. नऊ नंबरवर सगळे रंग एकावर एक बसले होते.

"हाललं नाही, मामा. इतक्या वर्षांत केसभरही नाही."

त्यांचा चेहरा उजळला. लपवायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही. "बघा," ते म्हणाले, "बघा." आणि वेटरला आणखी दोन चहा सांगितले. मग पुन्हा पडद्याकडे वाकले, आणि वर्कशॉपात जसे बघायचे तसे बघू लागले, एकेका ब्रॅकेटवर थांबून. आठवर दोन रंग वेगळे झाले होते. सातवर तीन. एक आणि चौदाच्या टोकांकडे रंग चांगले फाकले होते.

"अन् हे?"

मला हे टाळायचं होतं, पण ते जमण्यासारखं नव्हतं. "ती हलली. गार-गरम होऊन त्यांच्यात फट पडली असणार. पट्टीमुळे नळी नऊपाशी घट्ट आहे आणि बाकी ठिकाणी दर वर्षी जराशी सरकते. सरकते हे आम्हाला माहीत होतं, कारण माहीत नव्हतं. दर हंगामात आम्ही मापं दुरुस्त करून घेतो."

"दर हंगामात?"

"हो. फार मोठं नुकसान नाही मामा, फक्त काम वाढतं. आता नवं यंत्र होतंय, त्याच्या ब्रॅकेटांत पट्टी ड्रॉइंगमध्येच घाला असं मी सुचवणार आहे. तुमच्यामुळे."

"ते नव्याचं झालं," मामा म्हणाले.

चहा आला. त्यांनी घेतला नाही. कागद माझ्याकडे सरकवलेला होता तो परत ओढून घेतला, पेन काढलं आणि सहीसाठी ठेवलेल्या कोऱ्या जागेत वर्कशॉपातल्या त्यांच्या त्या ठाशीव अक्षरात एक ओळ वाढवली. मी उलट बाजूने वाचली. "उरलेल्या तेरा ब्रॅकेटमध्येही पट्टी घालायला पाहिजे होती. मी त्या वेळी सांगितलं नाही म्हणून राहून गेली."

"मामा, हे तुम्हाला कुणी विचारलेलं नाही. ही ओळ नसली तरी चालेल."

"घातली ती चूक न्हाई, मॅडम. ती मी आत्ताबी घातली असती." "पण मी एक शब्द बोललो असतो तर चौदाच्या चौदा आज जाग्यावर असती. मी माझं एक नऊ नंबर वाचवलं."

आणि राहिलेल्या चिंचोळ्या जागेत त्यांनी सही केली.